धरलेला श्वास

२ सप्टेंबर, सोमवार
नऊ वर्षं थॉर्नस्कार गावची बस चालवली, आणि छत्तिसाव्या वर्षी आजपासून मी विद्यार्थिनी. चार दिवस हॉस्पिटलात काम, एक दिवस कॉलेजचा अभ्यास, तीन वर्षांनी पदवी: किरणोपचारतज्ज्ञ लॉर्ना सग्डन. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. बरं वाटलं.

माझी वरिष्ठ ग्लेनिस मारवूड अठ्ठावीस वर्षं याच तळघरात आहे. चहाचा मग हातात देत तिने विचारलं, चांगली खिडकीजवळची नोकरी सोडून इथे का मरायला आलीस. मी खरं ते सांगितलं. सहा वर्षांपूर्वी आईला इथेच उपचार दिले होते. तेव्हा बाहेरून माइकवर तिच्याशी बोलणाऱ्या पोरी मला आठवतात. आई म्हणायची, आत भिंतींशिवाय कुणी नसतं, पण आवाज असतो. ग्लेनिसने बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला.

१२ सप्टेंबर, गुरुवार
किरणांच्या मशीनच्या खोलीच्या भिंती माझ्या बसच्या रुंदीएवढ्या जाड. पेशंटला टेबलावर नीट निजवायचं, मोजमाप जुळवायचं आणि आपण बाहेर यायचं. मग दार बंद. पडद्यावर तो दिसतो, माइकवर आपण बोलतो.

डाव्या छातीचा कॅन्सर असला की पेशंटने खोल श्वास घेऊन धरून ठेवायचा. फुप्फुस फुगतं, हृदय मागे सरतं, किरणांपासून वाचतं. पोटावर एक छोटी पांढरी डबी ठेवतात. छतावरचा कॅमेरा ती पाहतो आणि श्वास पडद्यावर नारिंगी रेघ होऊन वरखाली होतो. रेघ हिरव्या पट्ट्यात थांबली की किरण सुरू. वीस सेकंद. मग माइकवर सांगायचं, श्वास सोडा.

आज ते मी पहिल्यांदा सांगितलं. बसमध्ये नऊ वर्षं 'पुढे सरका' ओरडले, आता म्हणायचं 'हलू नका'. ग्लेनिस हसून म्हणाली, आवाज चांगला आहे तुझा, पेशंट ऐकतात.

२३ सप्टेंबर, सोमवार
नवीन पेशंट, मिसेस इव्हलिन पिकर्सगिल. वय एकाहत्तर, पंधरा दिवसांचे उपचार. चाळीस वर्षं प्रार्थनामंदिरात गायल्या आहेत, श्वासाचा त्यांना भारी अभिमान. मी वीस सेकंद म्हटलं तर म्हणाल्या, "एवढंच? बाळ, मी चाळीसही धरीन. तू सांगेपर्यंत सोडणार नाही."

त्यांची रेघ पट्ट्यात अशी थांबते की जणू पट्टीने आखलीय. ग्लेनिस इतर शिकाऊ मुलांना बोलावून दाखवते.

३ ऑक्टोबर, गुरुवार
मिसेस पिकर्सगिलनी लिंबाचा केक आणला. टेबलावर झोपताना माझा हात धरून हळूच म्हणाल्या, दार बंद झालं की मला भीती वाटते, म्हणून मी तुझ्या आवाजावर लक्ष ठेवते. मी म्हटलं, मी बाहेरच आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार
हे फक्त इथे लिहीत आहे.

सकाळी दहा वाजून पाचला मिसेस पिकर्सगिलनी श्वास धरला आणि तेवढ्यात मशीन बिघडलं. भोंगा, लाल दिवे. किरण आपोआप थांबले. ग्लेनिस फोनकडे धावली, मी कळफलक बडवत बसले. श्वास सोडा म्हणायचं राहून गेलं. पडद्याकडे पाहिलं तेव्हा रेघ अजून हिरव्या पट्ट्यात होती. सरळ. एक मिनिट अकरा सेकंद.

मी धावत आत गेले. ओठ जांभळे पडले होते. मी तोंडाने 'श्वास सोडा' म्हटलं तेव्हा त्यांनी सोडला. नंतर हसल्या. "तू सांगितलं नाहीस ना बाळ."

ग्लेनिस म्हणाली, किरण बंद होते, इजा नाही, नोंद कशाला करतेस. तुझी परीक्षा तोंडावर आहे. मी दिवसाच्या कागदावर 'सर्व सुरळीत' लिहून सही केली.

१० ऑक्टोबर, गुरुवार
त्या आल्या नाहीत. अकराला मुलीचा फोन. आज सकाळी इकडे यायला निघाल्या आणि बसथांब्यावर कोसळल्या. हृदय बंद पडलं, जागीच गेल्या.

डॉक्टर म्हणाले, आपल्या उपचाराशी संबंध नाही. त्यांना कालचं कुणी सांगितलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार
दोन पेशंटांच्या मधे, खोली रिकामी, डबी कोपऱ्यातल्या फळीवर. पडद्यावर रेघ उठली. हिरव्या पट्ट्यात जाऊन थांबली. पट्टीने आखल्यासारखी.

दुरुस्तीवाला क्लाइव्ह आला, कॅमेरा पुसला, म्हणाला जुनं यंत्र आहे, भास होतो त्याला. मी वेळ पाहून ठेवली होती. एक मिनिट अकरा सेकंद.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
रोज होतं. एकाच वेळी, दहा वाजून पाच. आज ग्लेनिसनेही पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागली. पण रेघ आता एक अकराला उतरत नाही. आज चार मिनिटं.

त्यानंतरची पेशंट, तरुण शिक्षिका, बाहेर येऊन म्हणाली, आत अजून कुणी होतं का? माझ्याबरोबर श्वास घेतल्यासारखा वाटला. सोडला मात्र मी एकटीनेच.

४ नोव्हेंबर, सोमवार
दहा पाच. मी माइक उघडला आणि रिकाम्या खोलीला सांगितलं, श्वास सोडा.

रेघ खाली आली. मला रडू फुटलं.

मग परत वर गेली. आता सांगितल्याखेरीज उतरतच नाही. दर वेळी मी सांगायचं. आज एकोणीस वेळा.

७ नोव्हेंबर, गुरुवार
कॅन्टीनमध्ये ग्लेनिसने माझ्या पाठीत थाप मारली. "श्वास सोड पोरी, निळी पडलीस." मला कळलंच नव्हतं की मी धरून बसले होते. तिने सांगितल्यावर सुटला.

जिन्यातही झालं. एका अनोळखी माणसाने विचारलं, ठीक आहात ना? ते पुरलं नाही. त्याला 'श्वास सोडा' असंच म्हणावं लागलं. काय म्हणायचं ते मी खुणेने सांगितलं.

११ नोव्हेंबर, सोमवार
ग्लेनिसला म्हटलं, मी नोंद करणार, सहीसुद्धा खोटी होती हे लिहिणार. ती म्हणाली, "लिही. माझंही नाव घाल. मला तेव्हाच सांगायला हवं होतं." पुढे म्हणाली, घरी नळाखाली भांडी घासताना माझाही श्वास असाच धरला जातो.

१३ नोव्हेंबर, बुधवार
नोंद दिली. विभागाच्या साहेबांनी वाचली, मिसेस पिकर्सगिलच्या मुलीला कळवणार म्हणाले. बरं केलंस म्हणाले.

रेघ तशीच — वर. सांगितलं तरी उतरत नाही आता —

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
मशीन आज दुरुस्तीसाठी बंद. वीज तोडलेली, दार उघडं. क्लाइव्ह जेवायला गेलाय, ग्लेनिस त्याच्याबरोबर. बाराची वेळ. मी आत आलेय. टेबलाच्या कडेवर बसून लिहितेय.

त्यांना समोरासमोर सांगायचं होतं. मोठ्याने सांगितलं: मिसेस पिकर्सगिल, चूक माझी होती. मी तुम्हाला विसरले. तुमच्या मुलीलाही कळेल आता. तुम्ही सोडा. कृपा करून सोडा.

छातीतून निघावा तसा लांब सुस्कारा. सगळ्या खोलीतून. माझ्या गालाला गार लागला.

सोडला त्यांनी. झालं. मी रडतेय, हसतेय —

दार सरकतंय. वीज नाही, तरी सरकतंय. धावावं तर पाय —

बंद झालं.

छतावरच्या स्पीकरमध्ये खरखर. बाहेर डेस्कवर कुणी नाही. कुणी नव्हतं. आवाज ओळखीचा, गाणाऱ्या बाईचा, प्रेमळ. "घाबरू नकोस बाळ. मी बाहेरच आहे. खोल श्वास घे. आणि धरून ठेव."

घेतला. न घेता येईना.

वीस सेकंद झाले. चाळीस

भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट अकरा सेकंदही होऊन गेले. हात अजून चालतोय. ग्लेनिस, दार उघड, फक्त तोंडाने म्ह

स्पीकर चालू आहे. ऐकू येतंय, ती तिथेच आहे, काहीच बोलत ना