शनिवारच्या आत आण सोडवा

धनी,

तुमी गेलात ते गेलात, पण जाताना पोराच्या तोंडाला कुलूप का घालून गेलात? दोन बुकं शिकल्याली बाई मी, कागदाच्या वाटंला कधी जात न्हाय. पण तुमच्याबिगर हे इचारू कुणाला? आपला शिवा सरकारी दवाखान्यात पडलाय.

हातापायाला मुंग्या, पोटात आग, तळहात घट्टे पडल्यागत कडक. आन नखांवर पांढऱ्या रेघा. तुमच्या नखांवर ह्याच हुत्या की! तवा मी मिरच्या जाळून दृष्ट काढली. म्हणलं, कुस्ती मारली म्हणून महाराजांनी भर मैदानात फेटा बांधला, माणसाला नजर लागली. कसली नजर! तुमी ताकदीची पुडी खात हुता, आन मला पत्ता लागू दिला न्हाय.

शिवाला मी मिठाचं पाणी पाजून वकायला लावलं. डॉक्टर माझ्यावरच वरडला. "बाई, हे आजचं नाही. रोज चिमूट चिमूट घेऊन अंगात साठलंय, ओकून कसं निघेल? काय खातो, किती, कधीपासून, ते सांगा. सोमल असेल, पारा असेल, बचनाग असेल. प्रत्येक विषाचा उपाय निराळा. आणि आधी ते पोटात जायचं थांबलं पाहिजे."

मी शिवाला म्हणलं, "बोल की मुडद्या!" तोंडातनं गेलं, आन माझीच जीभ मी चावली.

"आये, आबांची आण हाय. पुडीचं दुसऱ्या तालमीला कळलं तर आपली तालीम बुडंल."

"आन तू बुडालास तर?"

भिताडाकडं तोंड करून पडला. अगदी तुमच्यावर गेलाय.

घर पालथं घातलं. लंगोटाची पेटी, बदामाचं मडकं, मुदगलाखालची फरशीसुदीक उचकटली. पुडी न्हाय. तिकडं दवाखान्यात तालमीतलं कोण ना कोण दुधाचा लोटा घेऊन येतंय. काल मी लोटा दारातच वतला. नुसतं दूधच असंल हो! पण मला आता पांढरं कायबी बघवत न्हाय. भाकरीच्या पिठात टाकायचं मीठबी आधी जिभंवर ठिवून बघतीया.

तुमच्या येळंला मला कळलं न्हाय. आता कळतंय, तर ह्यो सांगत न्हाय. असं कसं वो नशीब?

माझं त्यो ऐकत न्हाय, तुमचं ऐकंल. त्याच्या सपनात जा, डोक्यावर हात ठेवा आन म्हणा, सोडली आण. एवढं केलंत तर तुमची कुस्तीत जिकल्याली गदा मी मरूस्तवर पुसून, शेंदूर लावून जपीन. न्हाय केलंत तर तुमच्या तालमीसमोरनं वाजत गाजत न्हीन आन रंकाळ्यात बुडवीन. मागं फिरून बघणार न्हाय.

शनिवारी, मारुतीच्या वारी, डॉक्टर सकाळचा फेरीला येतोय. तवर शिवाचं तोंड उघडलं पायजे. मला उत्तर पायजे. शनिवार म्हणजे शनिवार.

तुमची,
गंगू