संगमरवरी ओटा आणि आंबील

१४ जुलै २०२४, रविवार
स्वयंपाकघराचं काम आजपासून मी हाती घेतलं. आई गेल्यापासून महालक्ष्म्या थोरल्याकडे, म्हणजे आमच्याकडे दीक्षितपुऱ्यात बसतात. बायकोचं, विभावरीचं एकच टुमणं : सप्टेंबरात त्या यायच्या आत ओटा झाला पाहिजे. एकदा का महालक्ष्म्या दुसऱ्याच्या घरी बसल्या की तिकडच्याच होतात म्हणे. बायकांना उगाच धास्ती. अख्खी नोकरी मी फॅक्टरीत क्वालिटी चेकिंगमध्ये काढली, एक ओटा नाही होणार?

२० जुलै
शेजारी साउथहून ट्रकने ग्रॅनाइट आणतात, वर पर्यावरणदिनाला झाड लावतात. ढोंगी लेकाचे! भेडाघाटला मूर्तिवाल्यांकडे संगमरवराचे तुकडे नुसते पडून आहेत. लोकल, स्वस्त, इको-फ्रेंडली. जोडायला सिमेंट नाही. चुना, गूळ, बेलफळ. किल्ले काय सिमेंटने बांधले? मिस्त्री म्हणे, जैसा आप बोलो साहब. निदान एकाला तरी अक्कल आहे.

२८ जुलै
आईच्या वेळचा कडप्पा उखडला. काळा, कळकट. धाकटा भाऊ हेमचंद्र महाराजपूरहून आला. म्हणे, दादा, फेकत असाल तर मी नेतो, आमचाही ओटा करायचाच आहे. ने बाबा! भावाचं भंगार स्वतःच्या किचनमध्ये? लाज नावाची चीज नाही. ऑटोत चढवायला मीच हात लावला.

१५ ऑगस्ट
ओटा झाला. पांढराशुभ्र! चुना अजून ओलाच आहे, पण पावसाळाय, वाळेल. गुळामुळे सांध्यांना मुंग्या लागल्या. विभावरी ओरडली. तिला समजावलं, मुंग्या आल्या म्हणजे माल शुद्ध. ग्रॅनाइटला येतात का?

२५ ऑगस्ट
हळद सांडली. डाग जात नाही. मिस्त्री म्हणे, सीलर मार देते हैं. केमिकल! हाकलून दिला. हाही तसलाच निघाला.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्यांना आंबील लागतेच, म्हणून विभावरीने आज करून पाहिली. ताक सांडलं तिथली चमक गेली, भांड्याच्या बुडाचे गोल उठले. याला पॅटिना म्हणतात, फॉरेनमध्ये मुद्दाम करून घेतात. ती म्हणे, ज्याला आंबट चालत नाही तो ओटा कशाला? म्हटलं, मग आंबील खाली जमिनीवर कर. तर रडूनच राहिली. काहून, ते कळलं नाही.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
विभावरीने पाण्याने भरलेला मोठा पितळी गंज ओट्यावर ठेवला आणि ओट्याचे मधले तुकडे गंजासकट खाली आले. तिचा पाय थोडक्यात वाचला. चूक पावसाची. मिस्त्रीचा पोरगा फोनवर म्हणे, सिमेंट लावा, उद्या संध्याकाळपर्यंत उभा करून देतो. साफ नाही म्हटलं. तत्त्व म्हणजे तत्त्व! विभावरीने मला विचारलंही नाही, सरळ हेमचंद्रच्या बायकोला, लतिकाला फोन लावला.

१० सप्टेंबर
विभावरी महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचा डबा मांडीवर घेऊन ऑटोत बसली. महालक्ष्म्या यंदा महाराजपूरला. मी म्हटलं, यंदापुरतंच गं. तिने वळूनही पाहिलं नाही. फारच मनाला लावून घेते.

११ सप्टेंबर
सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं हेमचंद्रच्या ओट्यावर झालं. आंबील उतू गेली. लतिकाने फडकं फिरवलं, खलास, डाग नाही. मला कोपऱ्यात कोहळं चिरायला बसवलं होतं. सहज नजर गेली तर ओट्याच्या कडेला टवका. आईच्या हातून बत्ता पडून गेलेला! म्हणजे आमचाच कडप्पा. पंगतीत सगळ्यांना सांगितलं, बघा, जुनं वापरणं हेच खरं इको-फ्रेंडली, आणि हा दगड माझा. म्हणजे स्वयंपाक माझ्याच ओट्यावर झाला. हेमचंद्रने मला कढी वाढली.

१२ सप्टेंबर
विसर्जन झालं. निघताना लतिका म्हणे, दादा, पुढच्या वर्षी जरा लवकर या, कोहळं कडक असतं. पुढच्या वर्षी? काहीही बोलते.

ऑटोत विभावरीला विचारलं, डबा कुठाय? म्हणे, लतिकाच्या कपाटात ठेवून आले.