साथ असलेल्यांनीच यावे

दि. ३
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे डोळ्यांची साथ आहे. अर्ध्या शाळेचे डोळे आलेत, आणि हजेरी घेताना काळ्या चष्म्यामागे कोण आहे तेच कळत नाही. पण शर्यत होणारच, असं मी मोठ्या बाईंना ठणकावलं. (मनातल्या मनात. तोंडाने विनंतीच केली.) त्या म्हणाल्या, वीस जोड्या जमल्या तर घ्या, एकही कमी पडली तर मैदानाला कुलूप.

महिनाअखेरीस मी निवृत्त होतोय, ताई. चोवीस वर्षं शिट्टी फुंकून लोकांना पळवलं, स्वतः एकदाही धावलो नाही. यंदा धावायचंय. म्हणून तर सगळ्या गावासाठी जोडीची शर्यत ठेवली, हाताला हात बांधून. माझी जोडीदार तू. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो हे वाचूनही टिकावा.
तुझा धाकटा

दि. ६
चि. शिट्टीस,
अ. उ. आ.

डोकं ठिकाणावर आहे ना? लहानपणी पाय बांधून तू मला अंगणभर फरफटवलंस, त्यात माझे पुढचे दोन दात गेले. दुधाचे होते, परत आले, म्हणून फिटलं असं समजू नकोस. मी साठीची शिंपीण. माझ्या घरात धावतं ते फक्त मशीन.

हात बांधायला वीस पट्ट्या शिवून पाठवते, आतून मऊ कापड लावलंय. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नकोस. आणि सूचना लिहिशील ती दोनदा वाच. तू घाईत लिहितोस आणि निस्तरतात दुसरे.

माया आहे, पळापळ जमणार नाही.
ताई

दि. ११
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घोळ झाला. मी फाटकावर लिहिलं, ‘साथ असलेल्यांनीच यावे.’ म्हणजे ज्यांना जोडीदार आहे त्यांनी! आज नाव नोंदवायला गावातला एकूण एक लाल डोळा हजर. पोस्टमन, न्हावी, बेकरीवाला आणि त्याची बायको, सगळे डोळे पुसत रांगेत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी गेलं की काय. धडधाकट माणूस औषधाला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा म्हटलं, संपलं. पण त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, सगळ्यांनाच झालंय तर कुणाचं कुणाला लागणार? मात्र स्वच्छ डोळ्यांचं कुणी दोरीच्या आत दिसता कामा नये.

एकोणीस जोड्या झाल्या. विसावी सापडत नाही, आणि माझे डोळे काचेसारखे लख्ख. रोज उठून आरशात बघतो, काही नाही. फार वाईट वाटतं गं.

तुझा हिरमुसलेला शिट्टी

दि. १३
चि. शिट्टीस,
अ. उ. आ.

गणवेशाची मापं द्यायला आलेल्या बाईचा रुमाल मी उचलून दिला, आणि आज माझे डोळे आले. सुईत दोरा जाईना, दुकान बंद. तेव्हा म्हटलं, निदान तुझ्या उपयोगी तरी पडावं. कापडवाल्याच्या टेंपोत मागे गठ्ठ्यांवर बसून एकटीच येते.

माझा टॉवेल लाल आहे. त्याला अजिबात हात लावायचा नाही. तो डावीकडच्या खुंटीवर असेल.

काळजीने,
ताई

दि. २४
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा टॉवेल उकळून ठेवलाय. शर्यतीच्या सकाळी डोळे चिकटून उघडेनात, तेव्हा मी असा नाचलो की शेजारी विचारायला आले. तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून हसत होतीस, मी ऐकलं.

शेवटची फीत आपल्या दोघांनाही दिसलीच नाही, याला काय म्हणावं! मागून लोक थांबा थांबा ओरडत होते आणि तू म्हणालीस, हुरूप देताहेत, पळ! बेकरीच्या पायरीवर आपटलो नसतो तर पुढच्या गावीच पोचलो असतो. कितवे आलो ते पंचांनाही सांगता येत नाही, त्यांचेही डोळे आले होते. तुझा हात माझ्या हाताला बांधलेला होता आणि मला रडू येत होतं. त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आलं नाही, एवढं बरं.

पायरीवर माझा पुढचा दात गेला. दुधाचा नाही, त्यामुळे परत येणार नाही. एकच आहे, पण पक्का होता. पाकिटात घातलाय. आता फिटलं ना?

लोभ असावा, दात नसला तरी.
तुझा शिट्टी
(आता शिट्टी वाजत नाही, नुसतीच हवा जाते.)