मागच्या भिंतीची ऊब

आई, कॅम्पसच्या पॉवर हाउसची मागची भिंत आता गार पडली आहे, आणि त्या कामाच्या कागदावर सही माझीच आहे. मेसच्या चपात्या लाटून झाल्या की तू जिथे पाठ टेकायचीस, ती भिंत. जुनं इंजिन वीज करायचं, त्याच्याच उष्णतेवर मेसची वाफ व्हायची आणि हॉस्टेलचं पाणी तापायचं. पण बरीचशी उष्णता वाटेतच, उघड्या पाइपांतून त्या भिंतीत मुरायची. आमच्या भाषेत ती हानी. प्रत्येक अहवालात मीच ती दाखवत आले, आणि तू गेल्यावर इतकी वर्षं रोज तिलाच टेकून डबा खात आले.

मी इथे ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा तू अजून मेसमध्ये होतीस. धायरीहून आपण एकाच बसने यायचो आणि गेटपाशी तू मुद्दाम मागे राहायचीस. माझ्या केबिनमध्ये आलीस तरी उभीच. खुर्ची पुढे केली तर म्हणायचीस, "बसते की घरी गेल्यावर. तुझ्या सायबानं बगितलं म्हंजी?" मला फार राग यायचा. भिंतीपाशी मात्र तू बसायचीस. मी डबा घेऊन यायचे आणि म्हणायचे, थंडी वाजते गं. तू सरकून जागा द्यायचीस. "टेक पाठ. ऊब हाय तर घ्यावी, कुणाच्या बापाची न्हाय." एकदा ऐन एप्रिलात मी तेच म्हणते, तर तू पिठाचा हात माझ्या कपाळाला लावतेस आणि शेजारच्या बायकांना सांगतेस, "इंजिनेर झाली, पर उन्हाळा कळंना हिला."

यंदा नवं इंजिन बसलं. कंत्राटदाराच्या माणसाने विचारलं, "मॅडम, मागच्या भिंतीची लाइन पण रॅप करायची ना?" म्हणजे पाइपांना गोधडीसारखं वेष्टन गुंडाळायचं; मग उष्णता भिंतीत मुरणार नाही. उष्णता अशी वाटेतच जायची म्हणून हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या मुली हिवाळाभर गार पाण्याने अंघोळ करत होत्या. करा, म्हटलं. आता त्यांच्या नळाला कढत पाणी येतं. काम चोख झालं, आणि हे सांगायला मी आता राहते त्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये कुणी नाही.

आज दुपारी सवयीने भिंतीपाशी जाऊन बसले. वॉचमन म्हणाला, "काय मॅडम, केबिनचा एसी बिघडला का?" नाही, म्हटलं.

हे पत्र डब्याच्या पिशवीतच राहील. तुला एवढंच सांगायचं होतं, की तेव्हा मला कधीच थंडी वाजत नसे. तुला शेजारी बसवायला दुसरं निमित्त मला सापडलं नव्हतं. आज पाठ टेकली, आणि खरंच थंडी वाजली.