मीच पुसलेली भिंत

मंगळवार संध्याकाळ, डेव्हन ॲव्हेन्यू

काय करून बसले मी! आमच्या भाड्याच्या बेसमेंटमधली बुरशी बघायला आज सिटीचा हाउसिंग इन्स्पेक्टर येणार होता. मालकाविरुद्ध तक्रार मीच केलेली. पण घरी कुणी येणार म्हटल्यावर हात स्वस्थ बसतात का? सकाळीच ब्लीचनं ती काळी भिंत घासून लख्ख केली. त्यानं बघितली, केस क्लोज केली.

रूममेट प्राजू खोकत म्हणाली, "अगं, भिंत कशाला पुसलीस यार?"

व्हिक्टोरियन काळातल्या रोगट घरांवर थिसिस लिहितेय मी! तपासणीआधी ओल रंगाखाली झाकणारे घरमालक कालच लिहून झाले. आमच्या मालकाला तेवढेही कष्ट पडले नाहीत.

आता पुन्हा तक्रार करायची, तर भिंत काळी व्हायची वाट बघायची. तोवर प्राजूनं खोकत राहायचं.