सासूबाईंची उरलेली एकोणीस पानं

१४ मे

वही, माफ कर. सात महिने तुला उघडलं नाही. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली, हे कारण खरं आहे. पण हात तर शाबूत होता. लिहावंसंच वाटलं नाही — हे जास्त खरं.

गाठ निघाली. साधी होती. डॉक्टर म्हणाले, "आता विसरून जा." मी ती सोडून बाकी सगळं विसरले. वाचनालयातली नोकरी सोडली. फाटकाबाहेर शेवटची गेले ती मार्चमध्ये, तपासणीला, कोहेईच्या गाडीतून. कोहेई काही बोलत नाही. नवरा बोलत नाही याचाही मला त्रास, आणि बोलला असता तर त्याचाही झाला असता. काय बाई आहे मी!

आज वही काढली, कारण सासूबाईंनी काम लावलं.

१५ मे

नीट लिहून ठेवते.

ताकिमोरीच्या देवळाचं छत उतरवून सहा वर्षं झाली. एकेक तुळई सोडवायची, कुजलेला भाग कापायचा, तेवढाच नवा तुकडा जोडायचा — असं चाललंय. खर्च बराचसा निघतो तो हृदयसूत्रावर, म्हणजे बौद्ध देवळांत रोज म्हणतात त्या छोट्या सूत्रावर. लोक सूत्र हातानं उतरवतात आणि दक्षिणेसह देवळात देतात. वीस जूनला ती पानं पेटीत घालून छताखाली ठेवणार, वरून फळ्या ठोकणार. मग पुढच्या डागडुजीपर्यंत, म्हणजे दोन-तीनशे वर्षं, कोणी बघणार नाही.

सासूबाईंनी शंभर पानांचा संकल्प केला होता. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. काल जेवताना डाव्या हातातला चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "मिसुझु, माझी एकोणीस उरली आहेत. तू लिही."

"आई, मला नाही जमणार. कॉलेजनंतर ब्रश धरला नाहीये."

"मग काय, संकल्प अर्धाच ठेवून मरू?"

"पण लिहिणार मी आणि नाव तुमचं — हे खोटं नाही का?"

"पानावर नाव घालूच नकोस. देवळाच्या वहीत गुरुजी घालतात. झालं तुझं समाधान? का त्यावरही परीक्षा घेणार आहेस?"

कोहेई पेजेच्या वाडग्यात तोंड घालून हसला. मी पाहिलं.

१७ मे

पहिलं पान. आधी तोंडात लवंग — श्वास शुद्ध करायला. मग शाई घोटायची. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. "घाई करतेयस. भात नाही ढवळायचा."

पावणेतीनशे चिनी अक्षरं. छापील नमुना खाली ठेवून गिरवायची, तरी दोन तास लागले. पाठ मोडली. पण त्या दोन तासांत एकदाही गाठ आठवली नाही. हे आत्ता, लिहिताना लक्षात आलं.

१९ मे

दुसरं.

२४ मे

चार झाली. पाचव्यापासून गिरवणं बंद केलं. शेजारी पान ठेवून, बघून लिहिते. गिरवलेलं म्हणजे दुसऱ्याच्या पावलांवर पाय ठेवत जाणं, असं उगाच वाटलं. (अहंकार? असेल.)

आज व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. सासूबाईंना म्हणाल्या, "डाव्या हातानं काहीतरी रोज करत जा, आजी." सासूबाई म्हणाल्या, "करते की. चमचा उचलते." बाई गेल्यावर खिडकीकडे तोंड करून बसून राहिल्या, थेट संध्याकाळपर्यंत. या घरात आता आम्ही दोघी खिडकीकडे बघणाऱ्या. बिचारा कोहेई!

३० मे

आठ. हात बसतोय. माझ्याच पाचव्या पानाची झेरॉक्स नमुना म्हणून पुढे ठेवते, ते चांगलं उतरलं होतं. शेवटच्या ओळीत जागा जास्त उरते खरी. माझी अक्षरं लहान असतील.

कोहेई कामावर जाता जाता झालेली पानं देवळात देतो. पानं देवळात जातात, मी नाही.

३ जून

अरे देवा!

सकाळी सासूबाई देव्हाऱ्यासमोर नेहमीसारखं सूत्र म्हणत होत्या. मी मागे बसून पाचव्या पानाच्या त्या झेरॉक्सवर बोट फिरवत होते, सहज. मध्येच बोट पुढे गेलं आणि त्यांचा आवाज मागे राहिला. मला वाटलं, त्याच चुकल्या. म्हटलंसुद्धा! "आई, तुम्ही जास्त म्हटलंत."

त्या वळल्या. "साठ वर्षं म्हणतेय मी हे."

छापील पान काढलं. आठ अक्षरं नाहीत. 'नाही' या अर्थाचं एकच चिनी अक्षर सूत्रात वीसेक वेळा येतं. माझी नजर एका 'नाही'वरून उडी मारून पुढच्या 'नाही'वर गेली आणि मधलं सगळं गळलं. आणि पाचव्यावरून सहावं, सहाव्याच्या वेळीही पाचवंच पुढे, सातवं, आठवं — दहाव्यापर्यंत तीच चूक, नेमानं! सहा पानं. सगळी देवळात पोचलेली.

सासूबाई रागावल्या नाहीत. तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "दोन-तीनशे वर्षांनी कोणी पेटी उघडली तर म्हणेल, या बाईला घाई होती."

"कोहेईला सांगते परत आणायला."

"कोहेईनं लिहिली का? तुझी चूक, तू जा."

४ जून

गेले नाही. कपडे घातले, बूट घातले, पायरीवर बसले. परत आत आले. सासूबाईंनी पाहिलं. लोणच्याची बरणी उगाच खडखडवली.

५ जून

गेले!

बसथांबा तीन मिनिटांवर. मला अर्धा तास लागला. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरली आणि दोन्ही हातांनी दांडा. शेजारच्या आजींनी विचारलं, "उतरायचंय का, पोरी?" पोरी! सेहेचाळिसाव्या वर्षी. रडू आलं, का कुणास ठाऊक.

देवळावर पत्र्याचं भलंमोठं आच्छादन, आत रंधा मारल्याचा आवाज. देवदाराच्या भुशाचा वास फाटकापर्यंत येत होता. एन्जुन गुरुजी — सत्तरीचे, कानाला पेन्सिल, भिक्खूपेक्षा मुकादमच वाटतात — पेटीवरचा कपडा काढून सहा पानं शोधू लागले.

मी कबुली द्यायला सुरुवात केली. ते शोधता शोधता म्हणाले, "एखादं अक्षर गळलं असतं तर शेजारी ठिपका देऊन ओळीच्या शेवटी लिहिता आलं असतं. आठ म्हणजे जरा जास्तच भूक लागली होती तुम्हाला."

"चालणार नाही ना?"

"देवाला चालेल. तुम्हाला?"

"नाही."

"मग घेऊन जा. नाहीतर इथेच बसा. जागा भरपूर आहे."

बसले. सभागृहात सहा-सात जण, सगळ्यांच्या गालात लवंग, कोणी कोणाकडे बघत नाही. पाचवं पान तिथेच पुन्हा लिहिलं. छापील नमुन्यावरून. बाहेर सुतार एकमेकांना शिव्या देत होते, अगदी प्रेमानं.

घरी आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या. काठी न घेता! "भूक लागली मला," म्हणाल्या. कोहेईनं मला विचारलंच नाही कुठे गेलीस. पण ताटात माझ्या आवडीचा मासा होता.

११ जून

सहाही पानं दुरुस्त. आता रोज जाते, तिथेच लिहिते. नवी नऊ उरली. दिवस नऊ.

रोज घरी आले की सासूबाईंचा प्रश्न ठरलेला. "किती?" मी आकडा सांगते. "हं. अजून आहेत." जणू मी त्यांची मजूर!

१५ जून

बसच्या त्याच आजी आज पुन्हा भेटल्या. त्यांनी माझ्यासाठी जागा राखली होती. नुसती पर्स ठेवून, पण राखली होती!

उपकार मोजायला बसले तर यादी संपत नाही. आजी, गुरुजी, ते शिवराळ सुतार. मासा. आणि सासूबाई — स्वतःचा संकल्प अडलेला, त्यातही माझ्यावर विश्वास टाकला. मी त्यांच्यासाठी लिहितेय असं म्हणायला आता लाज वाटते. पण मग हे पुण्य नक्की कोणाचं? त्यांचं म्हणून लिहायचं आणि बरं मात्र मला वाटायचं, हे चोरीसारखं नाही का? गुरुजींना विचारायचं धाडस झालं नाही.

१९ जून

एकोणिसावं. दुपारी चार वाजता शेवटचं अक्षर. ब्रश धुतला. पाणी काळं, मग राखाडी, मग स्वच्छ. बघतच बसले.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, क्षणभर. मग म्हणाल्या, "बरं झालं. आता मी मोकळी." आणि खिडकीकडे तोंड केलं.

ते "मोकळी" मला आवडलं नाही.

२० जून

पेटी बंद व्हायच्या आधी गुरुजी वहीशी पानं ताडून बघत होते. म्हणाले, "तुमच्या सासूबाईंची, फुसाएबाईंची, शंभर तर नोव्हेंबरातच झाली. नऊ तारखेला. शंभरावं पान देऊन मला गोड भाताच्या वड्याही देऊन गेल्या. मग या एकोणीस पानांना नाव कोणाचं घालू?"

म्हणजे उरलं एकही पान नव्हतं! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली आणि माझं नाव घातलं. पुढच्या वर्षी पूर्वेचा दरवाजा उतरवणार आहेत, म्हणाले. पानं लागतीलच.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "भरली शंभर?" "भरली, आई," म्हटलं. यात खोटं काही नाही.

उद्या : आईंच्या डाव्या हातात ब्रश द्यायचा आणि सांगायचं — माझी एक्क्याऐंशी उरली आहेत, एकटीनं होणार नाहीत.