दोन घरांमधली वाढलेली जागा

खालच्या घराच्या स्वयंपाकघरात पडलेली भेग आज सकाळी पलीकडची भिंत फोडून अंगणात निघाली. घराखालचा जमिनीचा पट्टा पुन्हा वीतभर खचला आहे. आमच्याकडे भाड्याने राहून ही जमीन मोजणाऱ्या भूगर्भशास्त्राच्या बाईंनी स्वतः मोजून तसं सांगितलं. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहितो आहे.

मी धंद्याने सुतार. वय झालं आहे, तब्येत ठीक आहे. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. घाई आहे ती जमिनीची.

बाई सांगतात ते वारसांनी नीट समजून घ्यावं. इथे पृथ्वीचं कवच दोन्ही बाजूंनी ताणलं जात आहे. फार खोलवरचा खडक गरम आणि मऊ. तो ओढला की लांबतो, पातळ होतो. वरचा खडक थंड आणि ठिसूळ. त्याला लांबता येत नाही, तो तिरक्या भेगांवर तुटतो. दोन भेगांमधला तुकडा पाचरीसारखा खाली निमुळता असतो. बाजूचे खडक दूर सरकले की पाचर खाली बसते. सुताराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

खालचं घर त्या पाचरीवर आहे. तिथे मुलगा, सून आणि नातवंडं राहतात. मी आणि थोरली मुलगी वरच्या घरात, भेगेच्या अलीकडे, पक्क्या खडकावर. दोन्ही घरांमध्ये बांधलेली कपड्यांची दोरी आमची ही होती तेव्हा झोळ खायची. पुढे ताठ झाली आणि एक दिवस तुटली. मुलाचं म्हणणं, ताईने कापली.

काल त्याला पुन्हा घर सोडायला सांगितलं.

"रिकामं केलं की ताई कुलूप लावणार. मी काय दुधखुळा आहे?"

"घे रे ते घर, पत्र्यासकट घे. पोरांना तेवढं वर आण," थोरली म्हणाली.

"बघा, आज किती गोड बोलतेय!"

शेवटी मी म्हणालो, "घर रिकामं राहणार नाही. मी तिथे जाऊन राहतो. तुम्ही वर या."

थोरली रडायला लागली. मुलाचा चेहरा मात्र खुलला. "बाबा राहतायत म्हणजे घराला काही होत नाही. मी म्हणतच होतो," म्हणाला, आणि त्याने टेम्पोवाल्याला फोन लावला.

तर व्यवस्था अशी:

१. खालचं घर मुलाचं. थोरलीचा त्यावर कसलाही हक्क नाही. हे वाक्य तिनेच घालायला लावलं. माझ्यानंतर तिथे कोणी झोपू नये. घर उरलं नाही तर खड्डा त्याचा.

२. वरचं घर दोघांचं. तळमजला थोरलीचा, माडी मुलाची. जिन्याच्या तोंडाशी भिंत घालू नये.

३. दोन घरांमध्ये जी जागा वाढली आहे आणि वाढत जाईल, ती कोणाचीही नाही. तिच्यावरून भांडू नये.

४. रंधे, पटाश्या, करवती सुनेला. मुलाला खिळा सरळ ठोकता येत नाही, तिला येतो. काटकोन तपासायचा गुण्या मात्र गावातल्या गवंड्याला द्यावा. माझी दारं वाकडी म्हणून तो गावभर सांगत फिरला. त्याने खालच्या घराच्या कोपऱ्यांना तो लावून पाहावा आणि मग बोलावं. आत फार वेळ थांबू नये.

५. बँकेतली शिल्लक नातवंडांच्या शिक्षणासाठी.

६. घर बसलं तेव्हा मी आत असलो, तर मला काढायला कोणी खाली उतरू नये. मुलाला त्या क्षणी सगळं पटेल आणि तो धावेल. थोरलीने त्याला धरून ठेवावं. तो शिव्या देईल, चावेल, सोडू नये.

आजवर जमीन थोडी थोडी खचत आली. पुढच्या वेळी अख्खी पाचर एका झटक्यात बसेल, असं बाईंना वाटतं. दिवस सांगता येत नाही, पण थंडी संपेपर्यंत घर टिकेल यावर त्यांचा भरवसा नाही.

सही: सुतार

साक्षीदार: १. डॉक्टर. २. भूगर्भशास्त्राच्या बाई (सही केली, पण माझा बेत त्यांना मान्य नाही, हे लिहायला सांगितलं.)

ठिकाण: वरच्या घरातली कामाची खोली.

दिनांक: आज, रविवार. उद्या सकाळी टेम्पो सामान घेऊन वर येईल आणि उतरताना माझी खाट खाली नेईल.